कानामागच्या जखमेत अळ्या पडल्यात, सोमवारपर्यंत थांबावे का?

वाशिष्ठीकाठ
शनिवार, सायं. ६.१०

चिपळूणला आमच्या गल्लीत राहणारा कुत्रा आहे. नर, पाच-सहा वर्षांचा, अंदाजे १८ किलोचा. डाव्या कानाच्या मागे मानेवर रुपयाच्या नाण्याएवढे भोक पडले आहे. चार-पाच दिवसांपूर्वी भांडणात चावा बसला होता. तेव्हा फक्त दोन बारीक खुणा दिसत होत्या, रक्तही फारसे नव्हते. आज दुपारपासून वास येतोय आणि टॉर्च मारली की आत पांढरे वळवळताना दिसते. पाऊस थांबायचे नाव घेत नाही.

कुत्रा ओळखीचा आहे, हातून पोळी खातो. पण कानाजवळ हात नेला की गुरगुरतो. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर सोमवारी सकाळी भेटतील. मेडिकलवाल्याने नेगासंट पावडर दिली आहे. शेजारी एक जण म्हणतो फिनाईल ओत, दुसरा म्हणतो डांबरगोळी कुटून भर.

सोमवारपर्यंत थांबू की आजच काही करू? पावडर किती टाकायची? टाके लागतील का? जिन्याखाली बांधून ठेवता येईल अशी जागा आहे.

शिरवळ_व्हेट
शनिवार, सायं. ६.४५

थांबू नका. गावाकडे याला ‘आसडी पडली’ म्हणतात, आणि आसडीच्या जखमेत दीड दिवस फार मोठा असतो. पावसाळ्यात आपल्याकडे हे काम बऱ्याचदा क्रायसोमिया बेझिआना या माशीचे असते. ती जखमेच्या कडेला एका वेळी शे-दोनशे अंडी घालते. १२ ते २४ तासांत अळ्या बाहेर पडतात, पाच-सात दिवस खातात आणि मग जमिनीवर गळून मातीत कोष करतात. इतर बऱ्याच माश्यांच्या अळ्या कुजके मांस खातात, हिच्या अळ्यांना जिवंत मांस लागते. म्हणून बाहेर रुपयाएवढे भोक दिसले तरी कातडीखाली लिंबाएवढी पोकळी निघते.

आजचे काम अळ्या मारण्याचे नाही, काढण्याचे आहे. आतच मेलेल्या अळ्या तिथेच कुजतात, पू होतो, आणि वरून पाहणाऱ्याला वाटते की वळवळ थांबली म्हणजे बरे झाले.

सामान आणा: नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलीच्या दोन बाटल्या, १८ नंबरची सुई, २० मिलीची सिरिंज, निर्जंतुक गॉज, बोथट टोकाचा चिमटा, ग्लोव्हजचे तीन-चार जोड, पोव्हिडोन आयोडीन आणि तीन इंची गॉज बँडेजची गुंडाळी. सलाईन मिळाले नाही तर १ लिटर पाणी दहा मिनिटे उकळा, त्यात ९ ग्रॅम मीठ (चहाचा सपाट दीड चमचा) घाला आणि कोमट होऊ द्या. एका बरणीत साबणाचे कडकडीत पाणी घेऊन जवळ ठेवा. काढलेली प्रत्येक अळी त्यात गेली पाहिजे. फरशीवर टाकलेली अळी मातीत शिरते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत माशी होऊन परत येते.

दोन माणसे हवीत. तोंडाला मुसके बांधल्याशिवाय सुरुवात करू नका, ओळखीचा कुत्राही दुखल्यावर चावतो. सव्वा मीटर बँडेज घ्या, मध्ये सैल सरफास करा, तो नाकाडावर गाठ वर येईल असा चढवून ओढा. दोन्ही टोके हनुवटीखाली फुलीसारखी नेऊन एक गाठ मारा आणि कानांमागे सुरगाठ. तुमच्या कुत्र्यात अडचण अशी की पट्टी नेमकी जखमेवरून जाते. डाव्या बाजूची पट्टी कानाच्या अगदी मुळाशी, जखमेच्या वर बसवा आणि गाठ उजव्या कानाखाली घ्या. तरीही ती जखमेवर दाबली जात असेल तर घरी हे काम करू नका, त्याला गुंगी देऊनच करावे लागेल. मुसके बांधलेला कुत्रा धापा टाकू शकत नाही. म्हणून दहा मिनिटे काम, मग मुसके सोडून विश्रांती, मग पुन्हा. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मुसके बांधायचेच नाही.

आधी कानाच्या आत टॉर्च मारून पाहा. तिथे अळ्या असतील, किंवा कुत्रा डोके एका बाजूला कलते धरत असेल, तर कानात काहीही ओतू नका. पडदा फाटलेला असला तर औषध आतल्या कानात उतरते आणि तोल कायमचा जाऊ शकतो. मग बोट मानेभोवती पूर्ण फिरवा. लहानपणी बांधलेला पट्टा किंवा नायलॉनची दोरी मांसात रुतलेली असते आणि केसांत दिसत नाही. ती आत राहिली तर जगातले कुठलेही मलम लागू पडणार नाही.

आता केस. भोकात सलाईनने भिजवलेला गॉज ठेवून द्या, नाहीतर कापलेले केस आत पडतात. ट्रिमरने किंवा बोथट टोकाच्या कात्रीने सगळीकडून तीन-चार सेंटिमीटर केस कापा. दाढीचे ब्लेड नको. कडेच्या केसांच्या मुळाशी तांदळाच्या कणीसारखे पांढरे, एकमेकांना चिकटलेले पुंजके दिसतील. ती अंडी. ती राहिली तर उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गॉज काढून जखमेत उजेड मारा आणि काही न करता नुसते पाहा. पाच-दहा सेकंदांत आतल्या लालसर पाण्यावर बारीक बुडबुडे येतात आणि एकेक बोथट टोक वर येते, त्यावर दोन तपकिरी ठिपके. तेच अळीचे श्वास घेण्याचे टोक. डोके खाली मांसात, शेपूट वर, आणि अंगावर आडव्या काट्यांची वलये. या काट्यांमुळे ती मांस धरून बसते. हिसका दिला की तुटते आणि अर्धी आत राहते. शेपटाकडून पकडा, दोन सेकंद नुसता ताण ठेवा, पकड सुटली की सरळ बाहेर घ्या.

खोल असलेल्या अळ्यांना वर आणायला भोकावर व्हॅसलीनचा जाड थर किंवा खोबरेल तेलात भिजवलेला गॉज दहा-पंधरा मिनिटे ठेवा. हवा मिळाली नाही की त्या वर येतात. टर्पेंटाईन यापेक्षा जलद काम करते, पण ते मेडिकलमधले औषधी टर्पेंटाईन असावे, रंगाच्या दुकानातले नव्हे. तेही गॉजवर पाच-सहा थेंब, पाच ते दहा मिनिटे, मग सलाईनने धुऊन टाकायचे. जखमेत ओतायचे कधीच नाही. भोक डोळ्याकडे झुकलेले असेल तर टर्पेंटाईन वगळा.

सगळ्या दिसणाऱ्या अळ्या निघाल्या की धुणे. सिरिंजला १८ नंबरची सुई लावून चार-पाच सेंटिमीटरवरून धार मारा, किमान ५०० मिली. सुई आत घालू नका आणि अरुंद पोकळीत जोर लावू नका, घाण मांसाच्या थरांत ढकलली जाते. डोके असे धरा की पाणी खाली वाहून जाईल. शेवटचे धुणे पातळ पोव्हिडोन आयोडीनने: ५ टक्क्यांचे औषध असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली, १० टक्क्यांचे असेल तर १० मिली. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसला पाहिजे. बाटलीतले तसेच ओतले तर नवीन मांस भाजते. ‘स्क्रब’ लिहिलेली बाटली आणू नका, त्यात साबण असतो.

मान म्हणजे श्वासनलिका आणि मोठ्या शिरांची जागा. रक्ताची धार आली, श्वासाबरोबर भोकातून हवेचे बुडबुडे आले, किंवा चिमटा दीड इंचापेक्षा आत जाऊ लागला तर तिथेच थांबा. कोरडा गॉज हाताने दाबून धरा आणि मिळेल त्या डॉक्टरांकडे न्या. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावून जवळ कोण उपलब्ध आहे तेही विचारा.

अडुळसा
शनिवार, सायं. ७.२०

नेगासंटबद्दल सविस्तर लिहिते, कारण गोठ्यात ही पावडर सर्रास वापरतात आणि तोच हिशेब कुत्र्याला लावला जातो. त्यात कोमाफॉस आणि प्रोपॉक्सर अशी दोन कीटकनाशके आहेत, सोबत सल्फा हे जंतुनाशक औषध. दोन्ही कीटकनाशके एकाच तऱ्हेने मज्जासंस्थेवर काम करतात, आणि उघड्या जखमेतून शोषली जातात. लोक भोक बुजेपर्यंत भरतात. वर रक्तात कालवलेल्या पिठासारखी खपली धरते, खाली अळ्या मरून पडतात किंवा बाजूला कातडीखाली नवा रस्ता करतात. चार दिवसांनी मानेच्या दुसऱ्या बाजूला गळू येते ते याचेच.

त्यामुळे अळ्या काढून, जखम धुऊन, टिपून झाल्यावर कडांवर चिमूटभर, तीही एकदाच. शक्य असेल तर पावडरीऐवजी जनावरांच्या जखमेचा स्प्रे घ्या. टॉपिक्युअर किंवा स्कॅव्हॉन मेडिकलमध्ये मिळतात. मुख्यतः जखमेच्या कडांवर मारा, डोळा हाताने झाकून. दिवसातून दोनदा पुरे. कुत्र्याला स्वतःच्या कानामागे चाटता येत नाही हे खरे, पण गल्लीतले बाकीचे कुत्रे येऊन चाटतात, म्हणून पावडर लावली असेल तर त्याला वेगळा ठेवा. लाळ गळणे, उलटी, अंग थरथरणे, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणे ही विषबाधेची लक्षणे. लगेच जखम धुऊन काढायची आणि डॉक्टर ॲट्रोपिन हा उतारा देतील तिथे पोचायचे. पिल्लाला आणि मांजराला ही पावडर लावूच नये.

फिनाईल जिवंत मांस जाळते. अळी मरते, पण जखमेचा काठही मरतो आणि त्या मेलेल्या काठावर पुढची माशी बसते. डांबरगोळी जखमेतून रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडते, आणि या कुत्र्याचे रक्त आधीच कमी झालेले असणार. रॉकेलने कातडी भाजते, आणि चाटण्यात फुफ्फुसात गेले तर न्यूमोनिया. सीताफळाच्या पाल्याचा वाटून लेप गुरांना लावतात, अळ्यांवर तो चालतोही, पण बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, आणि तुमची जखम डोळ्यापासून चार बोटांवर आहे. हळद सुद्धा नको. ती जखमेवर थापली जाते, पू आत कोंडतो, आणि उद्या जखमेचा खरा रंग दिसतच नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना समाधान वाटते, पण तो भरून येणाऱ्या पेशीही मारतो. अगदीच घाण असेल तर पहिल्या दिवशी एकदा, पाणी घालून पातळ केलेला, आणि अरुंद पोकळीत अजिबात नाही.

डेटॉल, सॅव्हलॉन फरशीला.

उपकेंद्र_सेविका
शनिवार, रात्री ८.०५

तुमच्या हातांबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून. अनोळखी कुत्र्याने चावलेला कुत्रा हाताळताना तो रेबीजच्या संपर्कात आला असू शकतो असेच धरून चालायचे. दुहेरी ग्लोव्हज घाला. हाताला चिरा, खरचटे असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. लाळ उघड्या जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली, अथवा दात लागून रक्त आले, तर नळाखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून १५, दोन मिनिटांत उरकू नका. जखम बांधू नका, त्यावर मिरची-हळद नको. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, आणि अशा संपर्कात जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) लागते. गल्लीतल्या कुत्र्यांची नियमित काळजी घेणाऱ्यांनी आधीच ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी लस घेऊन ठेवावी.

कुत्र्यालाही लस हवी, ती सोमवारी डॉक्टरांना सांगा. आधी नियमित लस झालेली असेल तर लगेच बूस्टर, कधीच झालेली नसेल तर चाव्यानंतरचा पूर्ण क्रम: ०, ३, ७, १४, २८. त्याचे वागणे बदलले, पाणी गिळता येईना, खालचा जबडा लोंबू लागला, आवाज बदलला तर जखमेचा विचार सोडा, अंतर ठेवा आणि पशुवैद्यकांना कळवा.

वाशिष्ठीकाठ
रविवार, सकाळी ११.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दोघांनी मिळून तीन टप्प्यांत केले. पट्टी कानाच्या मुळाशी बसली. ६० च्या वर अळ्या निघाल्या. दोरी सापडली नाही, कान आतून साफ आहे. धुऊन स्प्रे मारला. आज सकाळी पुन्हा ८-१० निघाल्या. भोक बोटाच्या दोन पेरांएवढे खोल आहे आणि खालच्या बाजूला कातडी मांसापासून सुटलेली वाटते, चिमटा आडवा सरकतो. ताप १०३ फॅरनहाइट. रात्री दूधभात खाल्ला, हिरड्या गुलाबी आहेत. पुन्हा अळ्या आल्या म्हणजे काही चुकले का? दुखते म्हणून क्रोसिन देऊ का? आणि धनुर्वाताचे इंजेक्शन?

शिरवळ_व्हेट
रविवार, दुपारी १२.१५

चुकले नाही. काल ज्या मिलिमीटरभर होत्या त्या आज दिसण्याइतक्या झाल्या, आणि खोल बसलेल्या पाणी लागल्यावर वर आल्या. आज संध्याकाळी आणि उद्या सकाळी पुन्हा तेच करा. सलग दोन वेळा एकही निघाली नाही तर जखम साफ झाली असे धरा. चौथ्या दिवशीही निघत असतील तर एखादा कप्पा उघडायचा राहिला आहे.

१०३ म्हणजे किंचित जास्त. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १००.५ ते १०२.५. ताप १०३.५ च्या वर गेला आणि खाणे सुटले, किंवा हिरड्या फिक्या पडल्या, तर सोमवारची वाट पाहू नका. हिरडी बोटाने दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे.

क्रोसिन नको. पॅरासिटामॉलची कुत्र्यात सुरक्षित मर्यादा अरुंद आहे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तर मुळीच नाही, त्यांनी जठरात व्रण होऊन रक्त जाते, मूत्रपिंड बसते. डॉक्टर मेलॉक्सिकॅम देतील: पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिलिग्रॅम, पुढे ०.१, पोट भरल्यावर, आणि कुत्रा पाणी नीट पीत असेल तरच. धनुर्वात कुत्र्यात फार दुर्मिळ आहे, त्यांची प्रतिकारशक्ती त्या विषाला चांगली असते. म्हणून ते इंजेक्शन कुत्र्यांना नेहमीसारखे देत नाहीत.

आयव्हरमेक्टिन या जंत-किड्यांवरच्या औषधाचे सांगून ठेवतो, कारण कोणीतरी गुरांची बाटली घेऊन येईलच. १ टक्क्याच्या इंजेक्शनच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम असते. हा गुरांच्या ५० किलोचा डोस. १८ किलोच्या कुत्र्याला किलोमागे ०.२ मिलिग्रॅमने ३.६ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ०.३६ मिली. ‘एक सीसी टोचून टाका’ म्हणणारा तिप्पट डोस देतो. कोली जातीचे रक्त असलेल्या कुत्र्यांत आणि सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांत हे औषध मेंदूत उतरते. ते डॉक्टरांनीच वजन करून द्यायचे, आणि दिले तरी अळ्या हातानेच काढाव्या लागतात.

आता मुख्य गोष्ट, ती सुटलेली कातडी. कुत्र्याचा चावा वरून दोन छिद्रे दिसतो. पण सुळा आत शिरल्यावर तो मान झटकतो, कुत्र्याची कातडी सैल असल्यामुळे ती सुळ्याबरोबर सरकते आणि खालचे मांस फाटत जाते. तुमच्याकडे दिसतो तो कप्पा त्यातून झालेला, अळ्यांनी मोठा केलेला. उद्या डॉक्टरांना हे नेमके सांगा: कप्पा कोणत्या दिशेला आणि किती खोल आहे. ते गुंगी देऊन कप्प्याच्या सर्वांत खालच्या टोकाला छोटी चीर देतील, म्हणजे पू वजनाने खाली वाहील. करडे-काळे मेलेले मांस कापून काढतील. प्रतिजैविक बहुधा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट असेल, किलोला १२.५ ते २५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. जखम सुकलेली दिसली तरी सांगितलेले दिवस पुरे करा.

टाके उद्या नकोत. कुणी घालतो म्हणाले तरी विचारा की आत पू राहिला तर बाहेर कुठून येणार. असे बंद केलेले भोक आठवड्यात फुगते आणि फुटते. तीन ते पाच दिवसांनी जखम स्वच्छ, लाल झाली तर तेव्हा टाके घालता येतात. एवढ्या आकाराची मानेवरची जखम बहुधा उघडी ठेवूनच भरते, कारण मानेला सैल कातडी भरपूर असते.

पट्टीबंधन
रविवार, दुपारी ३.४०

मानेवरच्या जखमेचे ड्रेसिंग पायासारखे नसते. पायाला आपण बोटांकडून वर गुंडाळत जातो आणि मधली दोन नखे उघडी ठेवून सूज पाहतो. मानेला सूज पाहायला नखे नाहीत, आणि घट्ट बसले तर श्वासच अडतो. म्हणून इथे गोल-गोल आवळायचे नाही. भोकात गॉजची एकच लांब पट्टी पातळ आयोडीनने भिजवून सैल सोडा, दोन सेंटिमीटर टोक बाहेर राहू द्या. ठासून भरली तर तीच बूच होते. छोटे छोटे तुकडे भरू नका, एक तुकडा आत राहिला की महिनाभर पू बंद होत नाही.

तिच्यावर जाड गॉजची घडी, आणि ती धरून ठेवायला जुन्या सुती बनियनचा तळहाताएवढा रुंद कडा कापून मानेत चढवा. दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत. चिकटपट्टी केसांवर टिकत नाही, आणि रबरबँड तर कधीही नको, केसांत तो दिसेनासा होतो आणि कातडी कापत जातो. पहिले तीन-चार दिवस ड्रेसिंग रोज दोनदा बदला, मग रोज एकदा. ओले झाले की वेळ न पाहता बदला, कारण भिजलेला गॉज बाहेरचे पाणी आत ओढतो.

पू जास्त असेल तर साखरेचे ड्रेसिंग उत्तम चालते, डॉक्टरांना विचारून करा. जखम धुऊन भोकात साधी साखर सेंटिमीटरभर जाडीत भरायची आणि वर गॉजची जाड घडी. साखर पाणी ओढून घेते, सूज उतरते, जिवाणूंना वाढायला ओल उरत नाही. पाझर फार असेल तर दिवसातून दोनदा बदलावे लागते, आत साखरेचा पाक झाला की तिचे काम संपले. मुंग्यांसाठी झोपायच्या जागेभोवती पाण्याची रेघ ठेवा. जखम लाल दाणेदार झाली की साखर बंद.

चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लास्टिकचा कोन (शंकूसारखी कॉलर) इथे उलटा पडतो. त्याची कड नेमकी जखमेवर घासते. खरा त्रास मागच्या पायाने खाजवण्याचा आहे. डाव्या मागच्या पायात जुना सुती मोजा घाला, वर सैल पट्टी, आणि रोज काढून बोटांमधली ओल पुसा.

जिन्याखालची जागा चालेल, पण गळ्यात पट्टा किंवा साखळी नको. छातीला घालतात तो हार्नेस घ्या. दिवसभर मच्छरदाणी लावा. माशी उजेडात अंडी घालते, त्यामुळे रात्रीपेक्षा दिवसाचा पहारा महत्त्वाचा. खाली पोते नको, ते ओल धरते. प्लास्टिकवर जुनी चादर, रोज बदलून. जखमेच्या सभोवती केस कापलेल्या भागाच्या बाहेर कडुनिंबाच्या तेलाचे बोट फिरवले तर माशी कमी बसते. जखमेत ते तेल नको.

वाशिष्ठीकाठ
गुरुवार, रात्री ९.००

सोमवारी डॉक्टरांनी गुंगी देऊन खालून चीर दिली, लस आणि प्रतिजैविक सुरू केले, टाके घातले नाहीत. मंगळवारपासून एकही अळी नाही. ताप १०१.८. साखर चालू आहे. आज भोकाचा तळ लाल दिसतोय आणि गॉज काढताना थोडे रक्त आले. हे बरोबर आहे का? सोडायचा कधी?

शिरवळ_व्हेट
गुरुवार, रात्री ९.३५

लाल, दाणेदार, किंचित ओलसर आणि लगेच रक्त येणारे मांस म्हणजे जखम भरायला लागली. आता साखर बंद करा. गॉज कोरडा चिकटतो आणि काढताना हेच नवे मांस ओरबाडून येते, म्हणून उद्यापासून आत आयोडीनची पट्टी नको. मेडिकलमध्ये पॅराफिन लावलेला जाळीचा गॉज मिळतो, तो ठेवा. काढताना चिकटला तर सलाईन ओतून दोन मिनिटे थांबा, ओढू नका. धुणे आता नुसत्या सलाईनने.

अजून चार-पाच दिवसांत कडा आत ओढल्या जाताना दिसतील, दिवसाला अर्धा-पाऊण मिलिमीटर. रोज एकाच अंतरावरून, शेजारी नाणे धरून फोटो काढा, डोळ्यांना एवढा फरक कळत नाही. काळजी करण्यासारखे म्हणजे: तळ पुन्हा करडा होणे, गोडसर कुजका वास परत येणे, मांस कातडीच्या वर फुगून येणे, किंवा दोन आठवड्यांनीही एका बारीक छिद्रातून पाझर चालू राहणे. शेवटचे असेल तर आत तुटलेला दात, केस किंवा गॉजचा धागा आहे, ते छिद्र बाहेरून बंद करायचा प्रयत्न करू नका.

भोक उथळ होऊन कातडीच्या पातळीला येईपर्यंत सोडू नका. पाझर थांबून वर कोरडी गुलाबी पातळ कातडी धरली की सोडायला हरकत नाही. पावसात साधारण तीन आठवडे धरा. त्या जागी काही महिने केस येणार नाहीत.

अडुळसा
गुरुवार, रात्री १०.१०

ज्याच्याशी भांडण झाले तो कुत्राही त्याच गल्लीत असेल. त्याच्याही कानामागे, पायांच्या बोटांत, शेपटीखाली टॉर्च मारून पाहा. नरांमधली ही भांडणे बहुतेक माजावर आलेल्या मादीवरून होतात, म्हणून गल्लीत मादी असेल तर तिच्या मागच्या भागावर लक्ष द्या. तिथे रक्ताचे थेंब पडत असतील, फुलकोबीसारखी गाठ दिसत असेल आणि त्यात अळ्या असतील, तर तो चावा नाही, संबंधातून पसरणारी गाठ आहे. अळ्या काढून ती जात नाही, व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगाच्या औषधाची इंजेक्शने आठवड्याला एक अशी चार ते सहा लागतात. तुमच्या नराचेही तिथे तपासून घ्या, डॉक्टरांकडे पुढच्या लसीला जाल तेव्हाच.